एक वजा करायचा राहिला

सुधाकरकाका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी लोटे फाट्यावर कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या कामगारांच्या हातात पत्रकं कोंबत होते. आईचा फोन. "काका गेले गो... सकाळी चहा घेता घेता." मी बरं म्हटलं आणि उरलेली पत्रकं वाटली. अंत्ययात्रेला रत्नागिरीत गेले नाही. काम होतं, असं सगळ्यांना सांगितलं. खोटं. त्या घरात तोंड दाखवायला मी स्वतःला जागा ठेवली नव्हती.

काका बाबांचे शाळासोबती. मुंबईत सी भाषेत प्रोग्राम लिहून आयुष्य काढलं आणि गावी परतले. लोट्याच्या एका कारखान्यानं सांडपाण्यावर जे मोजयंत्र बसवलं, त्याचा प्रोग्राम एका ठेकेदारासाठी त्यांनी लिहिला होता. नेमकं घाण पाणी सुटलं की ते यंत्र बंद पडायचं. आमच्या प्रदूषणविरोधी गटानं बोंब मारली. ठेकेदारानं दार लावून घेतलं, तेव्हा काकांनीच मला बोलावलं. "माझंच पोर आहे ते. का मरतं, मलाही बघायचंय."

काकांनी समजावलं, प्रोग्राम कोसळताना मागे नुसत्या आकड्यांची यादी ठेवतो, म्हणजे मेमरीतले पत्ते. प्रोग्रामात डीबगची, म्हणजे चुका शोधायला लागणारी माहिती राखलेली असेल, तर सी भाषेतल्या एका लायब्ररीतली तयार फंक्शन्स तो पत्ता घेतात आणि सांगतात, ही अमुक फाइल, ही अमुक ओळ. मी म्हटलं, "म्हणजे सातबाराच की! गट नंबर द्या, मालकाचं नाव घ्या." काका हसले. "तलाठ्याला चहा न पाजता, हां!" मग गंभीर झाले. "पण यादीतला पत्ता परतीचा असतो. कामाला धाडलेला माणूस परत येऊन जिथे उभा राहणार, तिथला. घडलेलं असतं त्याच्या आधी. म्हणून विचारण्यापूर्वी पत्त्यातून एक वजा करायचा. विसरलीस तर आळ पुढच्या ओळीवर."

मी विसरले. विसरले कसली... मला घाई होती, पत्रक छापायला जायचं होतं. वरच्या पत्त्यांना नावंच नव्हती, कारण ठेकेदारानं आपल्या भागातली सगळी माहिती पुसून टाकली होती. नाव निघालं ते पहिलं काकांच्या फाइलचं. ओळ होती नोंद थांबवण्याची, शेजारी टिपेत त्यांचं नाव. झालं! 'चोर सापडला, ओळीसकट!' आम्ही छापलं. नावासकट छापलं.

काकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "एक वजा केलास काय गो?"

"काका, आता गणित शिकवून सुटणार का तुम्ही?"

"नाही गो... वरची एक ओळ बघ फक्त."

बघितली. वरच्या ओळीत ठेकेदाराच्या भागाला बोलावलं होतं आणि प्रोग्राम तिथेच मरत होता. काकांची ओळ त्या वेळी चाललीच नव्हती. नावं पुसणारे सुटले, नाव राखणारा सापडला, आणि सापडवणारी मी! गटात ठरलं, पुढच्या पत्रकात खुलासा टाकू. पुढचं पत्रक निघालं, खुलाशाविना. "आपलीच चूक छापली तर कंपनी हसेल," असं कोण म्हणालं? मीच म्हणाले. इतरांवर ढकलायची सोय नाही. काका चोर नव्हते. एवढीच ओळ हवी होती, आणि ती न छापताच मी त्यांना मरू दिलं.

परवा शेवटी मी त्यांच्या घरी गेले. टेबलावर कीबोर्ड तसाच, त्याखाली आमचं ते 'चोर सापडला'चं पत्रक. घडी घालून घालून मऊ पडलेलं. शिवी नाही, खाडाखोड नाही. त्यांच्या नावाशेजारी पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं, −१.

"हे वजा एक काय गो?" काकीनं विचारलं. मी सगळं सांगितलं, पत्ते, परतीचा पत्ता, वरची ओळ. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. पत्रकाची घडी पुन्हा घालत म्हणाली, "म्हणजे यांनी केलं नव्हतं ना?"

"नाही, काकी."

"बरं झालं सांगितलंस... यांना विचारायचा धीर झाला नाही बघ मला."