पूजेतून उठवलेलं हत्यार

तोंडाला रंग लावून आयुष्य काढलेल्या माणसाला टाळ्यांची चटक लागते. पण निम्म्या टाळ्या विंगेत उभ्या असलेल्यांच्या असतात, हे मी नाटकात होतो तेव्हाही सांगायचो. आज तसाच एक माणूस तुमच्यासमोर आणतो. भाईंदर पश्चिमेला मोरव्यात राहणारा बाळाराम. पडदा उघडा!

बाळाराम मुळात मोटारींचा नव्हेच. वडिलांच्या होडीचं इंजिन खोलता खोलता त्याचा हात बसला. मग उत्तनच्या बोटी, मग रिक्षा, मग गाड्या. घरापुढच्या अंगणावर पत्रे टाकून त्याने गॅरेज थाटलं. बोलायला भारी हौशी. गिऱ्हाईक आलं की आधी मासळीचा भाव सांगणार, मग गाडीला काय होतंय ते विचारणार.

बटणाच्या हँडब्रेकची पहिली गाडी आली तेव्हा त्याने ब्रेकचे पॅड बदलताना जुन्या सवयीने मागच्या चाकाचा पिस्टन क्लॅम्प लावून आत दाबला. अशा गाड्यांत तिथे छोटी मोटर असते. कडकन आवाज आला आणि आतले दाते तुटले. "काका, होडीचा जोर इथे लावायचा नाय, हे त्या दिवशी कळलं," असं तो आजही हसत सांगतो. त्यानंतर त्याने स्कॅनर घेतला. स्टिअरिंगखाली तो जोडायचा, गाडीला सांगायचं की आता पॅड बदलायचेत, मग मोटर आपणहून मागे सरते. काम झालं की पुन्हा सांगायचं, आता उठ. हे दुसरं सांगणं राहिलं तर पायाचा ब्रेक लागतो, पण गाडी उभी करून ठेवणारा ब्रेक झोपलेलाच राहतो.

आमची गाडी अशीच बटणाची. लेकीने, समिधाने, दिलेली. दर दसऱ्याला आमच्या नाटकमंडळीतली उरलीसुरली माणसं उत्तनकडच्या डोंगरीला काशीनाथकडे जमतात. काशीनाथ आमचे पडदे ओढायचा. त्याचं घर चांगल्या उतारावर आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून माझी नीलम तिथे गेलेली नव्हती. यंदा घट बसले त्याच दिवशी तिने जाहीर केलं, "अहो, मी येणार. उचलून न्या, पण न्या."

तिला गाडीतून उतरवायला माझे दोन्ही हात लागतात आणि तेवढा वेळ गाडी जागची हलता कामा नये. नेमकी त्याच आठवड्यात मागची चाकं किंचाळायला लागली.

अष्टमीला गाडी बाळारामकडे नेली. त्याने स्कॅनर जोडला, मागून घुर्रर्र आवाज आला, चाकं उतरली. पॅड पार लोखंडापर्यंत झिजलेले. नवे मागवले ते दुसऱ्याच मापाचे निघाले. "उद्या सकाळी स्पेअरपार्टच्या दुकानातल्या अल्पेशकडून बरोबर मापाचे आणतो. गाडी अशीच झोपू दे," बाळाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी पोचलो तेव्हा नवे पॅड बसले होते, चाकं चढली होती, आणि बाळाराम डोक्याला हात लावून बसला होता. तो दुकानात गेला असताना त्याच्या आईने, चंद्रावतीबाईंनी, हत्यारांची पूजा मांडली होती. पाटावर नट आवळायचे पाने, हातोडे, झेंडूची फुलं आणि मधोमध, राजासारखा, स्कॅनर! पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत उचलायचं नाही, हा त्या घराचा नेम. शेजारपाजारच्या गॅरेजांतही तीच तऱ्हा.

पॅड घेऊन त्याच्याबरोबरच आलेला अल्पेश म्हणाला, "अरे बाळूभाई, एवढं टेन्शन कशाला? पाँवका ब्रेक तो चालू है ना! गिअर पार्कमध्ये टाकायचा, चाकामागे दगड लावायचा, बस."

"डोंगरीच्या उतारावर काकींना उतरवायचंय. दगडाच्या भरवशावर? तू उतरवशील तुझ्या आईला?"

मीच म्हणालो, "राहू दे रे. काशीनाथला फोन करतो. पुढच्या वर्षी बघू." तोंडाने म्हणालो खरा, पण आमच्या वयात पुढच्या वर्षाचं तिकीट कोण आधी काढून ठेवतं?

उंबऱ्यात बसलेल्या चंद्रावतीबाईंनी मान वर केली. "ओ नाटकवाले, कोनाला उतरवायचं हाय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी लेकाकडे पाहिलं. "त्या यंत्राचं काम पुरं झालंय का न्हाय?"

"अर्धं झालंय, आये."

"मंग मेल्या, आदी बोलायला काय झालेलं? जालं पान्यात असताना होडीची पूजा कोन करतंय? आदी जालं वर घेतात!" असं म्हणत त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, फुलं बाजूला केली, नमस्कार केला आणि स्कॅनर स्वतःच्या हाताने लेकाला दिला.

तो जोडला, तर काही केल्या चालेना. बाईंनी मोठ्या भक्तीने त्याच्या प्लगाच्या भोकाभोकांत हळदकुंकू भरलं होतं!

"यंत्राचं तोंड तेच ना?" त्या ओशाळून म्हणाल्या. "म्हटलं, तिथंच लावावं."

बाळाराम ओलं फडकं घ्यायला धावला. मी ओरडलो, "पाणी नको!" ओल्या कुंकवाचा चिखल होतो, हे मेकअपच्या खोलीत जन्म गेलेल्याला सांगावं लागत नाही. आमच्या गाडीच्या खणात नीलमचा जुना पावडरचा ब्रश असतो, एसीच्या जाळीवरची धूळ काढायला. त्या ब्रशाने बाळारामने एकेक भोक हलक्या हाताने झटकलं. पुन्हा जोडलं. पडद्यावर अक्षरं उमटली. मागून घुर्रर्र आवाज आला.

"उठली!" बाळाराम ओरडला. मग गॅरेजच्या चढावर गाडी नेऊन, गिअर मोकळा ठेवून, बटण ओढून त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. अल्पेशने मागून ढकलूनही पाहिलं. गाडी हलली नाही. स्कॅनर पुसून पुन्हा पाटावर बसला. या वेळी कुंकू फक्त पाठीवर!

दसऱ्याला डोंगरीच्या उतारावर मी बटण ओढलं. मागून तोच आवाज आला. एवढी गोड तिसरी घंटा मी जन्मात ऐकली नव्हती. ब्रेकवरचा पाय काढला. गाडी तिथेच. मी वळसा घालून गेलो आणि नीलमचे दोन्ही हात धरले. तिने गाडीच्या दाराला पाठ टेकली, आणि ती उभी राहिली. काशीनाथ दारातून ओरडला, "आल्या, आमच्या नायिका आल्या!"

आपट्याची पानं वाटून झाली तेव्हा तिने एक पान पर्समध्ये ठेवलं.

"कुणाला गं?"

"चंद्रावतीबाईंना," ती म्हणाली. "परतताना मोरव्यावरून चला. मला उतरून द्यायचंय."