गोविंदअण्णांना न दिलेलं उत्तर

नातीने शिकायला जुनी बाजाची पेटी आणली. भाता उघडताच डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि मला बंगळूरच्या चिकपेटेतल्या आमच्या मंडळाचा साठ वर्षांपूर्वीचा गणपती आठवला.

गोविंदअण्णा तिथे पेटी वाजवत. नोकरी मात्र थिएटरात प्रोजेक्टर चालवण्याची. त्या वर्षी अण्णांच्या पुढाकाराने थिएटरच्या कामगारांनी आठवड्याला एक सुट्टी मिळावी म्हणून संप केला होता. सिनेमे बंद पडले म्हणून आम्ही पोरं चिडलो होतो. मी भजनाच्या चालीवर एक विडंबन रचलं आणि अण्णांना फक्त चाल सांगितली.

"भजनच ना? सरी, चालेल, म्हणा रे," म्हणत त्यांनी सूर धरला. आमची टोळी गाऊ लागली:

"रीळ राहिले डब्यात, ऑपरेटर उन्हात;
सुट्टी मागता मागता, बसा कायमचे घरात!"

मांडवात हशा उसळला. पाहुणे म्हणून आलेले थिएटरचे मालक "वन्स मोअर" ओरडले. अण्णांची बोटं क्षणभर थांबली. पण गणपतीपुढे धरलेली चाल अर्ध्यात सोडायची नाही, हा त्यांचा नेम. मान खाली घालून त्यांनी ते कडवं पुन्हा वाजवलं.

संप मोडला. बाकीच्यांना कामावर घेतलं, अण्णांना नाही. एकदा मंडळाच्या पायऱ्यांवर त्यांनी मला विचारलं, "ते गाणं कुणी लिहिलं रे?"

"कुणास ठाऊक, अण्णा. कॉलेजची पोरं असतील."

"चाल तू सांगितलीस, म्हणून विचारलं," एवढंच म्हणून ते पायऱ्या उतरून गेले. पुन्हा मंडळात आले नाहीत.

अण्णा, ते गाणं मी लिहिलं होतं.