तिच्या कर्जातला माझा वाटा

टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, त्यातली सुरुवातीची ट्रंक कॉलच्या टेबलावर. दोन माणसांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं, असा नियम होता. नेहमी बाजूला होत होतो असं काही मी म्हणणार नाही. कोणाची सोयरीक मोडली, कोणाचा मुलगा दुबईहून परत यायचं नाव घेत नाही, हे त्यांच्या घरी कळायच्या आधी आम्हाला कळायचं. पण त्यातलं अक्षरही माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. याचा मला फार अभिमान होता. तो अभिमान कसा उतरला, ते सांगते.

निवृत्त झाल्यावर पुण्याच्या मुलाने फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. म्हणाला, "आई, पैसे नुसते पडून आहेत. यात मधे बँक नाही. कोणाला छोटा धंदा काढायचा असतो, तो आपली माहिती टाकतो. तुझ्यासारखी पन्नास-साठ माणसं थोडे थोडे पैसे देतात. तो दर महिन्याला हप्ता भरतो, त्यातला तुझा वाटा तुला मिळतो." कर्ज मागणाऱ्याचा फोटो, नाव, आताचा पत्ता, आधीचा पत्ता, पैसे कशाला हवेत, सगळं आपल्याला वाचता येतं. आपलं नाव मात्र त्याला दिसत नाही. "तुला आवडेल हे," मुलगा म्हणाला. टोमणाच होता, पण खोटा नव्हता.

एका सकाळी चहा पिता पिता यादी चाळत होते आणि एका फोटोत मला आमच्याच बिल्डिंगचं गेट दिसलं. गेटापुढे तिशीची एक मुलगी उभी होती. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, बाजूला कुठेतरी बघत होती. गिरीज गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमच्या तळमजल्यावरचा गाळा तिने भाड्याने घेतला होता. दोन शिलाई मशीन आणि काचेचं शोकेस घ्यायचं होतं. चर्चमध्ये लहान मुलींचा पहिला ख्रिस्तप्रसाद घेण्याचा समारंभ असतो, त्यासाठी लागणारे पांढरे फ्रॉक आणि लग्नाचे गाऊन ती शिवणार होती. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी मी, पण चहा संपायच्या आत दहा हजार देऊन मोकळी झाले.

महिन्याभरात दुकान उघडलं. बाहेरून येणाऱ्याला ते जरा विचित्रच वाटायचं. दुपारच्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, आणि आत पांढऱ्या फ्रॉकांची ओळ पंख्याच्या वाऱ्याने हलत असायची. शोकेसमध्ये मान नसलेल्या दोन पुतळ्या गाऊन घालून उभ्या. त्यांच्यामागे ती खाली मान घालून शिवत बसलेली.

मी रोज खाली जाऊ लागले. ती मला काकू म्हणायची, मी तिला अगंतुगं करायचे. तिच्या दुकानात माझे पैसे आहेत हे मी सांगितलं नाही. आमच्या माहेरी सावकार हा शब्द शिवीसारखा वापरायचे, हे एक कारण. दुसरं कारण लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला ते आवडत होतं. तिची जन्मतारीख मला ठाऊक होती, तिला पूर्वी पगार किती होता ते ठाऊक होतं, आणि तिला मी फक्त वरच्या मजल्यावरची एक म्हातारी होते. ती लोकांना माहेर ठाण्याचं आहे एवढंच सांगायची. मी मान डोलवायचे. तिचा आधीचा पत्ता समुद्रकाठच्या कळंबचा आहे, हे मी वाचलेलं होतं.

एकदा दुपारी वीज गेली म्हणून मशीन बंद पडली आणि ती आपणहून बोलू लागली. नवऱ्याला सोडून आली होती. त्यानंतर दोन नोकऱ्या धरल्या आणि दोन्ही ठिकाणी त्याने तिला शोधून काढलं.

"तो मारामारी करत नाही, काकू. काही बोलत पण नाही. नुसता समोर येऊन उभा राहतो. मग बोलता बोलता असं काहीतरी सांगतो ना, जे मी कोणालाच सांगितलेलं नसतं. तेव्हा मला कळतं, याला सगळं माहीत आहे."

म्हणूनच तिने पाटीवर नाव घातलं नव्हतं. बँकेने जामीन म्हणून नवऱ्याची सही मागितली, म्हणून ती ॲपकडे वळली होती.

"पैसे दिले ते सगळे अनोळखी लोक आहेत," ती म्हणाली. "मला एकाचं पण नाव माहीत नाही. चांगले असतील ना?"

"असतील की," मी म्हटलं.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. त्यानंतर एकदा मी काचेबाहेर उभी राहून तिचं शिवणं बघत होते. किती वेळ, कोण जाणे. तिने मान वर केली आणि किंचाळलीच. मग हसली. "तुम्ही होय, काकू." मीही हसले. पण काचेत माझंच तोंड दिसत होतं, त्या दोन पुतळ्यांच्या मधोमध, आणि ते मला बघवलं नाही.

एप्रिलमध्ये फ्रॉकांची घाई होती. ती बाह्यांना लेस लावत होती, मी स्टुलावर बसून धागे तोडून देत होते. गप्पांच्या ओघात मी म्हटलं, "कळंबला असतीस ना, तर खाऱ्या वाऱ्याने हे कापड आठ दिवसांत पिवळं पडलं असतं. इथे ते एक बरं आहे."

मशीन थांबली. तिने सुईखालचं कापडही काढलं नाही.

"कळंब तुम्हाला कोणी सांगितलं?"

अठ्ठावीस वर्षं जी जीभ ताब्यात ठेवली, ती एका फ्रॉकापायी सुटली होती. अजूनही फोन काढून तिला दाखवता आला असता. पण मी घाबरले, आणि घाबरलेलं माणूस करतं तेच केलं. "कोणीतरी बोललं बाई," मी म्हटलं. "आता आठवत नाही."

"कोण? पुरुष होता?"

"असेल कोणीतरी. विसरले मी."

ती उठली आणि मी आत बसलेली असतानाच तिने शटर अर्ध्यावर ओढलं. त्या अर्ध्या उजेडात सगळे फ्रॉक एकदम राखाडी दिसू लागले. "काकू, तुम्ही घरी जा," ती म्हणाली. वाकून बाहेर पडताना मी वळून पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होती.

खरं सांगायचं असं ठरवून दुसऱ्या सकाळी फोन हातात घेऊन खाली गेले. दुकान बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. चौथ्या दिवशी मी बाजारातून आले तेव्हा वॉचमनने सांगितलं की टेम्पो येऊन गेला. मशिनी गेल्या होत्या. पुतळ्या तेवढ्या राहिल्या होत्या, उघड्या.

मी ॲपवाल्यांना फोन लावला, माझा एवढा निरोप तिला द्या म्हणून विनवलं. तसं करता येत नाही, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. एके काळी मीही लोकांना याच आवाजात हेच सांगायचे.

शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानात तिने सगळे फ्रॉक पिशव्यांत भरून, वर मुलींची नावं चिकटवून ठेवले होते. वाडीतली एक बाई लेकीचा फ्रॉक न्यायला आली. "शिवन एकदम बेस केलंय," ती मला म्हणाली. "आनी बाकीचे पैशे पन घेतले नाय. असं कोन जातं का?"

हप्ते मात्र येत राहिले. दर महिन्याला पाच तारखेला फोन किणकिणायचा आणि मी देवासमोर हात जोडायचे, कारण त्या आवाजाखेरीज ती बरी आहे हे कळायला मला दुसरा मार्ग नव्हता. चार तारखेला मला जेवण जायचं नाही. मग एका महिन्यात शेवटचा हप्ता आला, आणि पुढच्या पाच तारखेला काहीच वाजलं नाही.

या दिवाळीच्या आधी ती पुन्हा यादीत दिसली. केस कापलेले, चेहरा उतरलेला. पत्ता नवा होता. तो मी इथे लिहीत नाही, निदान एवढं तरी शिकले. खाली तिने लिहिलं होतं: "आधीचं दुकान चांगलं चाललं होतं. पण तिथे कोणीतरी माझ्यावर पाळत ठेवून होतं, म्हणून सोडावं लागलं."

ते कोणीतरी म्हणजे मी.

मुदतीचे दोन दिवस उरले होते आणि थोडीच रक्कम कमी पडत होती. तेवढी माझ्याकडे होती. बोट टेकवणार, तेवढ्यात मनात आलं की तिला तिकडे काय दिसेल? एका अनोळखी माणसाने उरलेलं सगळं एकदम भरलं. तिला पुन्हा रात्रीची झोप येणार नाही. मी बोट मागे घेतलं. दोन दिवस ॲप उघडून बघत राहिले, म्हणजे पुन्हा पाळतच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रक्कम भरली गेली. सगळी, एका झटक्यात, एकाच माणसाकडून. तिचा फोटो यादीतून गेला.

मी मुलाला फोन केला. "यात पैसे कोण देऊ शकतं रे?"

"कोणीही, आई. पॅन कार्ड आणि बँकेत खातं असलं की झालं."

"आणि त्याला तिचा पत्ता दिसतो?"

"तुला दिसतो ना? तसाच."

कोणी भला माणूस असेल, असं मी स्वतःला रोज सांगते. तिला सावध करायला हवं, हेही रोज वाटतं. गाडीत बसलं की तीन तासांचा रस्ता आहे. पण मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले, तर ती पहिल्यांदा हेच विचारणार की इथला पत्ता तुम्हाला कोणी सांगितला.