दम नसताना घ्यायचा पंप

मला दमा हाय. दोन पंप दिलेत. निळा दम लागल्यावर ओढायचा, तपकिरी रोज दोन्ही टाइम, दम लागूच नाय म्हणून. तपकिरी लई महाग. नवऱ्याच्या कंपनीचं विम्याचं कार्ड हाय, पण ते दवाखान्यात ॲडमिट झालं तरच चालायचं, पंपाला नाय. मग मी काय करायची, बरं वाटलं की तपकिरी बंद, पुरवून पुरवून वापरायची. सासूबाई पण म्हणायच्या, "दम नाय तर पंप कशाला ओढायचा? हौस हाय व्हय?"

असं करून वर्षात तीनदा ॲडमिट झाले. तिसऱ्या टाइमाला पोरगी अंगावर पीत होती अन् तिला आत सोडेनात. चार दिवस. ती बजाजनगरला खोलीवर सासूबाईंजवळ रडायची अन् हिकडं माझं दूध गळायचं, तोंडावर वाफेचा मास्क. मी मेले तर पोरगी मला ओळखणार पण नाय, एवढंच डोक्यात.

घरी सोडायच्या दिवशी नवरा खुश. "बघ, एक रुपया लागला नाय!"

मी म्हणलं, "अहो, एवढं सगळं फुकट. अन् ज्यानं मी इथं आलेच नसते, तो पंप आपल्या खिशातून. असं कुणी ठरवलं असंल?"

"तुला बरं वाटायलंय वाटतं," म्हणले. "सवाल सुरू झाले."

पण ते डोक्यातून जाईना. पुढं कंपनीनं कार्ड बदलायच्या आधी कामगारांच्या घरच्यांना कँटीनमधी बोलावलं. साहेबानं विचारलं, दवाखान्यात एसी खोली पाहिजे का? सगळ्यांचे हात वर. मी उठले. आठवी शिकलेली बाई, काय बोलणार.

"साहेब, त्या खोलीत... यायचीच पाळी येऊ नाय म्हणून जे औषध हाय... त्याला कार्ड का चालत नाय?"

मागून एक बाई म्हणली, "अगं, एसीला नाय कशाला म्हणतीस बये!" सगळे हसले. साहेब हसला नाय. त्यानं पंपाचं नाव लिहून घेतलं.

नवीन कार्डात दमा, साखर, बीपीचं रोजचं औषध फुकट झालं. एसी खोली नाय. अन् डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कंबरेचा मोठा फोटो, ते एमआरआय का काय, काढला तर अर्धे पैसे आपले. सासूबाईंची कंबर दुखत होती.

"तुझा पंप फुकट अन् माझ्या फोटोला पैसे? लई शाणी सून मिळाली!"

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणल्या, साधी कंबर फोटोनं नाय, हिंडण्याफिरण्यानं बरी होते; ज्याचा फायदा जास्त, त्याला पैसे कमी, असा हिशोब हाय. मला पटलं. पण दुखतंय तर सासूबाईंना, मला नाय. फायदा किती, हे दुखणाऱ्याला विचारत असतील का?

"आत्याबाई, चिठ्ठी आणू का?" मी सासूबाईंना म्हणलं. दोन दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला बरं वाटत होतं, सवयीनं मी तपकिरी पंप न ओढताच फळीवर ठेवायला लागले. त्या पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"घे तो आधी," म्हणल्या. "परत चार दिवस हिला मी काय पाजू?"

मी ओढला. मग पोरीला घेतलं.