बारवेच्या वरच्या पायरीवरची घागर

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. गवळणीनं दूध घातलं की त्यात बोट बुडवून बघितल्याशिवाय मी भांडं आत नेत नसे. त्यात ती निजामाच्या राज्याची अखेरची वर्षं. पेडगावात अनोळखी माणूस आला की दारं आपोआप लोटली जायची.

त्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या पायाला नारू झाला. घोट्यावर फोड आला, फुटला आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकावू लागला. आग अशी की बसवेना. थोरल्या दिरांचा नारू घाईनं ओढताना आतच तुटला होता, तेव्हापासून त्यांचा गुडघा आखडला तो कायमचाच. आपणही असंच लंगडणार या धास्तीनं मी महादेवाला नवस बोलले, रोज स्वतः बारवेत उतरून घागर भरीन आणि पिंडीवर घालीन. नवल म्हणजे, पाय पाण्यात गेला की आग शमायची. देव पावला, असंच मी धरून चालले. उरलेलं पाणी तीर्थ म्हणून जावेच्या पोरांच्या हातावर घालायची.

अशात परभणीहून सरकारी दवाखान्याचा, जखमा बांधणारा एक पट्टीवाला आला. मुसलमान, दाढी पिकलेली, बोलणं हळू. चावडीत बसून तो लोकांचा नारू काडीला गुंडाळून द्यायचा, रोज बोटभर, आणि नारू झालेल्यांनी बारवेत उतरू नये असं बजावायचा. झालं, माझं डोकं फिरलं. आमची पूजा बंद पाडायलाच याला धाडलंय, असं मी जावेला सांगितलंही. दिरांनी लाख समजावलं, पण मी पाय त्याला दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारवेवर गेले तर वरच्या पायरीवर भरलेली घागर ठेवलेली, आणि लांब लिंबाखाली तो बसलेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घागरीला हात लावलास का, असं मी तोंडावरच विचारलं.

"न्हाई बाई, गुरवानं भरलीय," तो म्हणाला. "माझ्या हातचं तुमाला चालणार न्हाई, ठाऊक हाय मला. तुमी खाली उतरू नये म्हनून निस्ता बसलोय."

माझ्या पायानं तुझं काय बिघडवलं, असं मी फणकाऱ्यानं म्हटलं.

"पाण्यात थंड लागतंय ना? तवाच त्यो पिल्लं सोडतो. पिणाऱ्याच्या पोटात जात्यात, अन् पुढल्या साली त्याच्या पायातून निघत्यात."

जावेच्या पोरांचे तळहात डोळ्यांपुढे आले. तरी खोड जाईना, गुरवाला हाक मारून खरं-खोटं विचारलंच. गुरव म्हणाला, हा माणूस उजाडायच्या आधी माझ्या दारात येऊन, बाईंची घागर भरून ठेव म्हणून विनवत होता. मला लाज वाटली, फार लाज वाटली. मी पट्टीवाल्यापुढे पाय केला.

वीसेक दिवसांत नारू अख्खा निघाला. तोवर गुरव पाणी घालायचा आणि मी देवळाबाहेर पाय पसरून हात जोडायची. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, एवढं सांगून पट्टीवाला पुढच्या गावाला गेला. पुन्हा कधी आला नाही. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

पुढल्या उन्हाळ्यात जावेच्या धाकटीच्या पायाला फोड आला. तीर्थ मीच दिलं होतं. जावेला तसं सांगितलं, ती रडली, आणि मग तिनं पोरीला माझ्याच मांडीवर दिलं. रोज सकाळी मी काडी बोटभर फिरवायची. ओढून मोकळं व्हावं असं हाताला फार वाटे, पण मी थांबायची. आज माझ्याकडून एवढंच, बाकीचं तुझं, असं देवाला म्हणून पट्टी बांधायची. तो माणूस कुठं असेल तिथं सुखी राहो, हेही रोज म्हणायची. अठराव्या दिवशी पोर अंगणात पळाली.