हिऱ्याचे पाणी, हिऱ्याचा डाग

शिक्षिकांच्या खोलीत दोन गोष्टी कायम साठत राहतात: खडूची पूड आणि किस्से. पूड निदान रोज झाडता येते. किस्से मात्र निवृत्तीनंतरसुद्धा पदराला चिकटून घरी येतात. परवा माझ्याकडे जुन्या विद्यार्थिनी चहाला जमल्या आणि त्यांतली एक म्हणाली, "बाई, ते हिऱ्यांचे किस्से सांगा ना!" वाक्याच्या शेवटी लोंबणारा हा 'ना' मला आजही खपत नाही. तरीही सांगते.

हे सारे एकोणीसशे सत्तरनंतरच्या त्या कोरड्या वर्षांतले. नगरच्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवीत असे, साळवेबाई विज्ञान आणि सिंधू शेलार चित्रकला. सिंधू आमच्यात सर्वांत लहान. सावेडीला माझ्याच घरी, मागच्या खोलीत राहत असे. कोणाला दागिना घ्यायचा असला की एकटीने जायचे नाही, अशी आमची रीत होती. सगळ्यांनी मिळून चंदूशेठच्या दुकानात जायचे. मी परीक्षक आणि साळवेबाई म्हणजे चालती प्रयोगशाळा!

*

चंदूशेठची आणि माझी ओळख भांडणातून झाली. दुकानावर पाटी होती: 'शुध्द हिऱ्याचे दागीने मिळतील.' मी पायरीवरच थांबले.

"या बाई, आत या. माल अगदी शुद्ध आहे," शेठ म्हणाले.

"माल असेल. पण तुमचा 'शुद्ध' अशुद्ध आहे! आणि 'दागिने' शब्दातली 'गि' ऱ्हस्व असते."

"बाई, लोक हिरा बघतात. वेलांटी कोण बघतो?"

"ज्याला वेलांटीतली चूक दिसत नाही, त्याला हिऱ्यातली काय दिसणार?"

पुढच्या खेपेस गेलो तेव्हा पाटी नव्याने रंगवलेली होती आणि एकही चूक नव्हती. मी समाधानाने आत शिरले. शेठ हळूच म्हणाले, "बाई, आता हिरे बघून घ्या. पाटी बघायला येणारी गिऱ्हाइकं परवडत नाहीत!"

*

हिरा कसा पारखायचा, हे आम्हांला शेठनीच शिकवले. "दिव्याखाली बघू नका. दिव्याखाली सगळेच देखणे दिसतात. सकाळच्या उजेडात खिडकीशी न्या, पांढऱ्या कागदाच्या घडीत उपडा ठेवा. पिवळी झाक असेल तर कागद आपोआप बोलतो. मग पैलू बघा, मग आतला डाग बघा. वजन सगळ्यांत शेवटी. नुसता मोठा खडा म्हणजे अंगाने मोठा पोरगा. हुशार असेलच असं नाही."

हे मला फारच पटले. रंग, पैलू, डाग आणि वजन, अशी ती चार प्रश्नांची प्रश्नपत्रिकाच होती. मी प्रत्येक खड्याला प्रत्येक प्रश्नात गुण देऊ लागले. रंगात उत्तम असलेला पैलूंत नापास होई, पैलूंत पहिला आलेला वजनात मार खाई. तबक रिकामे होत आले, तरी माझ्या मनासारखा खडा सापडेना.

शेठ कंटाळून म्हणाले, "बाई, खरं सांगा. चारही विषयांत पहिला आलेला विद्यार्थी उभ्या जन्मात पाहिलात का?"

"एकदाच पाहिला."

"कोण हो तो?"

"मी!"

*

साळवेबाई प्रयोगशाळेतले भिंग पर्समध्ये घालून आणत. एका रविवारी त्या चर्चमधून परस्पर दुकानात आलेल्या होत्या. पुतणीच्या अंगठीसाठी एक खडा पसंत पडला होता. भिंग डोळ्याला लावून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि एकदम ओरडल्या, "शेठ, या हिऱ्यात केस आहे!"

दुकानातली गिऱ्हाइके थबकली. चंदूशेठचा चेहरा पडला. त्यांनी खडा खिडकीशी नेला, स्वतःच्या भिंगाखाली धरला, उलटा केला, सुलटा केला. केस कुठेच नव्हता! साळवेबाईंनी पुन्हा पाहिले. केस होता!

"बघा, आता तर हलतोयसुद्धा!"

शेवटी सिंधूने त्यांचे भिंग हातात घेतले, काचेवर बोट फिरवले आणि बोटावर जे निघाले ते सर्वांना दाखवले. साळवेबाईंची पापणी होती.

शेठनी कपाळावरचा घाम पुसला. "बाई, हिऱ्याला चमक असते हे ठाऊक होतं. आज पापणीसुद्धा फुटली!"

*

मी एकदा त्यांना विचारले होते, "अजिबात डाग नसलेला हिरा मिळतो का?"

"मिळतो, क्वचित. पण असा खडा कोणी आणला की मी आधी तो काच आहे का, हे बघतो. अस्सलाच्या पोटात काही ना काही असतंच. दहा खडे एकत्र सांडले तरी माझा मी डागावरून ओळखतो."

मग त्यांनी एक हकीकत सांगितली. नाव त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. एक सून सासूची नाकातली चमकी मोडायला घेऊन आली. सासू नुकतीच गेलेली. सून म्हणाली, "आत्याबाईंनी जाताना माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, हाच एक खरा ऐवज आहे, तुझ्यासाठी जपला." शेठनी भिंगातून पाहिले. आत निर्मळ! शुद्ध काच!

"मग काय सांगितलंत तिला?"

शेठ तराजू पुसत राहिले. "सांगितलं, ताई, ही मोडू नका. अशी पुन्हा मिळायची नाही."

*

आता 'डाग' या शब्दाविषयी. 'डागडागिने' म्हणताना आणि 'डाग पडला' म्हणताना या एका शब्दाला मराठीत दोन टोकांचे अर्थ आहेत. मी एकदा पाचवीच्या वर्गात ते विचारले. एक मुलगी ताडकन उभी राहून म्हणाली, "बाई, एक डाग अंगावर असला की आई मिरवते, आणि दुसरा असला की आई धोपटते!" इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्याही कोशात वाचलेली नाही. मी तिला पूर्ण गुण दिले.

सिंधूच्या मानेवर, डाव्या कानाखाली, पावलीएवढा पांढरा डाग होता. लहानपणापासूनचा, वाढला नव्हता की कमी झाला नव्हता. चित्रकला शिकवताना ती सहज म्हणे, "इथे देव रंग भरायचा विसरला." तिचे विनोद शाळेत चालत, लग्नाच्या बाजारात चालत नव्हते. बघायला आलेली मंडळी चहा पिऊन जात आणि नंतर कळवत नसत. शेवटी सिंधूने ठरवले की, यापुढे स्वतःला दाखवून घ्यायचे नाही. आईच्या हट्टाखातर तिने एक शेवटचे स्थळ तेवढे कबूल केले.

आई पारनेरकडच्या गावाहून आली, ती पदरात स्वतःची पुतळ्यांची माळ बांधूनच. ती मोडून तिला सिंधूच्या कानांसाठी हिऱ्याच्या कुड्या करायच्या होत्या!

"अहो, सोन्याचंच काही करा," मी म्हटले.

"सोनं समद्यांच्याच अंगावर असतंय, बाई. हिरा चमाकला की मानसाची नजर तितंच ठरती. कुडीकडं बघत्याल, मग मानंकडं कोन बघतंय?"

"आई, पाहुणे मला बघायला येणार आहेत का कुडीला?" सिंधू म्हणाली.

"तू गप ऱ्हा! तुला बघून गेल्याली परत आली का?" असे म्हणून आईने तोंड फिरवले आणि उगीचच पदराची गाठ पुन्हा घट्ट केली.

*

आम्ही सगळ्या चंदूशेठकडे गेलो. त्यांनी खिडकीशी कागदाची घडी उलगडली आणि सवयीने म्हणाले, "मावशी, पाणी बघा या हिऱ्याचं! काय पाणी आहे!"

जव्हेरी हिऱ्याच्या तेजाला पाणी म्हणतात, हे त्या माऊलीला कोठून ठाऊक असणार? तिच्या गावात विहिरी आटल्या होत्या, हंडाभर पाण्यासाठी बायका टँकरची वाट पाहत होत्या. तिने कागदाकडे पाहिले, शेठकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"आगं बया! आमच्या हिरीला थेंब न्हाई, आन् तुमच्या हिऱ्याला पानी हाय व्हय!"

चंदूशेठ इतके हसले की डोळ्यांत पाणी आले. मग एकदम थांबले. त्यांनी माठातले गार पाणी तांब्यात भरून स्वतः तिच्यापुढे ठेवले. "आधी हे घ्या, मावशी. ते नंतर बघू."

*

दोन खडे निवडले. रंग जुळत होता, पैलू उत्तम होते. मात्र एकाच्या कडेला टाकाने टेकवावे तसे टिंब होते. माझ्या गुणपत्रिकेत तो खडा तिसऱ्या प्रश्नात नापास होता आणि मी तसे सांगितलेही.

"बाई, कुडीची जोडी रंगावर जमते," शेठ म्हणाले. "आणि हे टिंब अगदी कडेला आहे. बसवताना सोन्याचा काटा बरोबर त्याच्यावर आणतो. देवालासुद्धा दिसणार नाही."

"तसंच करा, शेठ," आई म्हणाली. "झाकलं म्हंजी झालं."

सिंधूने साळवेबाईंचे भिंग घेतले आणि खडा कितीतरी वेळ पाहिला. मग म्हणाली, "शेठ, काटा दुसऱ्या बाजूला घ्या."

"अहो ताई, मग डाग दिसेल!"

"दिसू दे."

"येडी झाली का काय पोरगी!" आई म्हणाली.

शेठनी एकदा सिंधूच्या मानेकडे, एकदा खड्याकडे पाहिले. "आजवर डाग झाकायला सांगणारी गिऱ्हाइकं आली. दाखवायला सांगणारं हे पहिलंच. घेतो, ताई, काटा बाजूला घेतो."

सिंधूने भिंग परत केले. साळवेबाईंनी ते डोळ्याला लावले, काढले आणि रुमालाने पुसू लागल्या.

"पुन्हा पापणी का हो?" मी विचारले.

"नाही. पाणी."

*

पाहण्याचा कार्यक्रम माझ्या घरी झाला. मुलगा दत्तात्रय, नागापूरच्या एका नव्या कारखान्यात लेथवर काम करणारा. आईवडील नव्हते, लहानाचा मोठा आत्याने केलेला. आत्या ऐसपैस बसल्या. दत्तात्रय मात्र खुर्चीच्या कडेवर, आणि डावा हात पँटच्या खिशात! मोठ्यांसमोर खिशात हात घालून बसणारा असा मुलगा माझ्या वर्गात असता, तर मी तास संपेपर्यंत उभा केला असता. पोह्यांची बशी त्याने गुडघ्यावर ठेवली, चहा आला तेव्हा कप तेवढा उजव्या हाताने उचलला, बशीत न ओतताच तोंडाला लावला, ओठांना चटका बसला तसा खाली ठेवला. पण खिशातला हात काही बाहेर येईना. शिष्टाचारात मी त्याला मनातल्या मनात शून्य गुण दिले.

आईने आत सिंधूच्या डाव्या खांद्यावरून पदर ओढून मान झाकली होती. बाहेर येताना उंबऱ्यातच सिंधूने तो नीट केला. अंबाडा वर बांधलेला, मान मोकळी, कानांत कुड्या.

आत्यांची नजर थेट कुडीवर गेली. "हिऱ्याची दिसती!" त्या म्हणाल्या. दाराआड आईने माझा हात दाबला. युक्ती लागू पडली होती!

आत्यांनी नाव विचारले, शिक्षण विचारले, स्वयंपाकाचे विचारले. मग पुढे सरकून अगदी मायेने म्हणाल्या, "बरं पोरी, तुज्या अंगावर डाग किती?"

त्या काय विचारीत आहेत हे मला तत्काळ समजले. जन्मभर मराठी शिकवले होते. परंतु मी तोंड उघडण्यापूर्वीच सिंधूने उत्तर दिले.

"एकच. मानेवर, डाव्या कानाखाली. लहानपणापासून आहे. मी तो झाकत नाही." आणि तिने मान वळवून दाखवली.

आईने तोंडाला पदर लावला. आत्यांचा चेहरा गोरामोरा झाला.

"आगं लेकी, म्या दागिन्याचं इचारीत हुते गं!"

कोणी हसले नाही. सिंधूची मान तशीच वळलेली राहिली. ती खाली मात्र झाली नाही. आत्या भाच्याकडे पाहू लागल्या.

"बरंच हाय की, आत्ये," दत्तात्रय म्हणाला. "जत्रंत चुकली तरी लगीच वळखू यील."

सिंधूने वळून त्याच्याकडे प्रथमच सरळ पाहिले.

"आणि तुम्ही चुकलात तर? मी तुम्हांला कशावरून ओळखायचं?"

दत्तात्रय कानांपर्यंत लाल झाला. त्याने आत्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग खिशातला डावा हात बाहेर काढून टेबलावर, कपाशेजारी ठेवला. तर्जनीची वरची दोन पेरे नव्हती.

सिंधू पुढे झाली आणि तिने त्याच्या कपातला चहा बशीत ओतला.