सरूच्या ओवीतला पाव्हणा

त्या मंगळवारी दुपारी आम्ही दोघं ओट्यावर चिंच फोडत बसलो होतो. सरू दगडावर चिंच ठेवून मोगरीनं ठोकायची आणि मी चिंचोके काढायचो. मी साफ केलेल्या चिंचेत शिरा राहतात म्हणून माझ्या पाटीतली चिंच ती परत आपल्यापुढं ओढायची. "अवो, दिसत न्हाई तर गप बसा की. माझं काम दुप्पट करताय." मी म्हणालो, "तुला दिसतंय तर तूच कर सगळं." एवढंच बोलणं झालं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं आम्ही असंच बोलत आलो. मग ती चहा ठेवायला आत गेली आणि भांडं पडल्याचा आवाज आला... शेजारच्याच्या जीपमधून दौंडला पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. लोक म्हणतात देवाघरी गेली, कैलासवासी झाली. मला तसं लिहिता येत नाही. माझी बायको मेली. त्याला सव्वा महिना झाला.

मी सहावीपर्यंत शिकलो. बापापर्यंत आमच्या घरात मेंढरं होती, माझ्या वेळेला ती मोडली. मग थोडी बागायत आणि कुरकुंभच्या एका कारखान्यात गेटवर वॉचमनची नोकरी, असं माझं आयुष्य गेलं. सरूचं माहेर कासुर्डी. तिनं शाळेचा उंबरा पाहिला नाही, पण तिला ओव्या यायच्या. दुसऱ्यांच्या पाठ केलेल्या नव्हेत, तिच्या स्वतःच्या. खुरपताना, कांदा काटताना, हळदीच्या जात्यावर तिला सुचायच्या आणि बाकीच्या बायका त्या उचलायच्या. मी जवळ गेलो की गाणं बंद. आमच्या घराण्यात बायकांची ओवी पुरुषापुढं म्हणत नाहीत. माझ्या आईनं म्हटली नाही, आजीनं म्हटली नाही. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, हेही लिहितो.

अठ्ठ्याण्णव सालच्या सुमारास कारखान्यात नवीन मशिनरी बसवायला एक म्हातारा परदेशी आला. यान त्याचं नाव. आम्ही आपले त्याला झेक म्हणायचो तर चिडायचा. "झेक नहीं, स्लोवाक! देश अलग हो गया!" तरुणपणी बिहारात दहा-बारा वर्षं काम केलेलं, म्हणून तोडकंमोडकं हिंदी बोलायचा. कॅन्टीनच्या तिखटानं त्याच्या पोटाचे हाल झाले, तेव्हा मॅनेजर मला म्हणाले, तुमच्या घरून बिनतिखटाचं जेवण होईल का? सरूला सांगितलं तर म्हणाली, "डबा कशाला? जेवायला घिऊन या की त्याला. मानूस जेवताना कुनीतरी समोर लागतं." तेव्हापासून वर्षभर यान दुपारचं आमच्या ओट्यावर जेवला.

एकदा दिवाळीनंतर कोकणात निघालेला धनगरांचा वाडा हायवेवरून चालला होता. चारशे-पाचशे मेंढरं, घोड्यांवर बिऱ्हाड, कोंबड्या, सगळं. यान डोक्यावरचं हेल्मेट न काढता गेटबाहेर पळाला आणि मेंढरांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. ट्रकवाले हॉर्न मारतायत, मी ओरडतोय, आणि हा बाबा एका कोकराच्या मानेत बोटं घालून रडतोय. त्या दिवशी जेवताना त्यानं आम्हाला त्याच्या मुलखाचं सांगितलं. तिथंही डोंगर, तिथंही मेंढपाळ. आणि त्यांच्यातच राहिलेला त्यांचा एक कवी, दीडशे वर्षांमागचा. नाव मला धड उच्चारता येत नाही. चुकीचं लिहून त्या माणसाला कमीपणा आणत नाही. सरूनं तर त्या कवीचं नाव 'पाव्हणा' असंच ठेवलं होतं.

यान म्हणाला, "भाभी, मेरा कवि भेड़वालों के साथ सोता था. उनका गाना जमा करता था."

सरूनं पहिला प्रश्न विचारला, "मग त्याला जेवाया कोन घालायचं?"

यानला ते मी हिंदीत सांगितलं. तो खूप वेळ हसला. मग म्हणाला की हे आजवर कुणी विचारलं नाही, त्यांच्या मोठमोठ्या मास्तरांनीसुद्धा नाही.

त्यानंतर रोज जेवताना थोडंथोडं करत त्या कवीचं अख्खं आयुष्य आमच्या ओट्यावर उलगडलं. शहरातली शाळा सोडून तो गावोगाव हिंडला. एका ठिकाणी टिकेना. जमीनदाराची वेठ करू नका असं गावकऱ्यांना सांगत फिरला, म्हणून पकडला गेला, फासापर्यंत गोष्ट गेली आणि कसाबसा वाचला. पुढं कचेरीत चिकटला, लग्न केलं आणि हळूहळू लिहिणं आटलं. शेवटी तापानं मेला. त्याला कुठं पुरलं हे आजही तिथं कुणाला ठाऊक नाही. यान त्याच्या कविता तोंडपाठ म्हणायचा, ताटाच्या कडेवर बोटानं ताल धरून. नदी, वारा, डोंगरात एकटा निघालेला माणूस, असं काहीतरी त्यात असायचं. मला त्यातलं ओ का ठो कळायचं नाही. सरू पदर तोंडाला लावून ऐकायची आणि म्हणायची, "सबूद न्हाई कळलं, पर ह्याची चाल कळली. ह्यो मानूस चालता चालता म्हनत आसनार."

मग तिच्या ओव्यांत तो पाव्हणा यायला लागला. मी त्यातल्या दोनच ऐकल्या. पहिली कुडाआडून, ती अशी होती:

दूरच्या डोंगरात, मेंढरं बर्फात
गानं येचीतं पोरगं, जशी बोरं धोत्रात

मी आत जाऊन म्हणालो, "अगं, त्या मुलखात धोतर कुठलं?" आधी ती लाजली, मग फणकाऱ्यानं म्हणाली, "माज्या ओवीत नेसलाय त्यो. तुमचं काय जातंय?" आणि बर्फ तिनं पाहिला होता तो फक्त रसवंतीतला, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला.

दुसरी ओवी मी ऐकली ती भादव्यात. ज्यांच्या मरणाची तिथी माहीत नाही त्यांना सर्वपित्रीला जेवू घालायचं, हा आमच्याकडचा रिवाज. त्या वर्षी सरूनं अंगणात एक पान जास्त मांडलं. मी विचारलं, हे कुणाचं? "पाव्हन्याचं." मी भडकलो. म्हणालो, त्याची जात कोण, धर्म कोण, तो आपला कोण लागतो? ती भाताचं ढेकूळ फोडत शांतपणे म्हणाली, "उपाशी मान्साला आदी जात इचारायची व्हय?" आणि पाठमोरी होऊन गुणगुणली:

कुठं पुरला पाव्हना, ठावं न्हाई त्याच्या गावा
त्याच्या नावाचं गं पान, माज्या अंगनात ठेवा

त्यानंतर दरवर्षी ते पान मांडलं गेलं. त्या पहिल्या पानाचं आणि ओवीचं यानला मीच जेवताना सांगितलं होतं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. काम संपून यान परत जायला निघाला तेव्हा तो टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या घरी आला. म्हणाला, भाभीचं गाणं मला माझ्या गावी न्यायचंय, आमच्या कवीवरचं. सरूला हे आधीच कळलेलं होतं. तिनं सकाळीच अंग धुऊन इरकली लुगडं नेसलं होतं. चुलीपाशी दाराआड बसून घसा खाकरत होती. आणि मी म्हणालो, "आमच्या बायका परक्या मान्साच्या मशिनीत गात न्हाईत." असंच म्हणालो. मोठ्यानं. मग पाहुण्याला रिकामं कसं पाठवायचं, म्हणून मी स्वतः ढोल काढला आणि बिरोबाचं गाणं म्हटलं, चांगलं अर्धा तास. यानची नजर सारखी आतल्या दाराकडं जात होती. मला वाटलं, किती रंगलोय मी... तो गेल्यावर सरूनं लुगडं बदललं, घडी घातली आणि मला जेवायला वाढलं. पुढं कधी या विषयावर एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण झालं की आमचं मिटायचं.

गेल्या आठवड्यात कारखान्यातून निरोप आला की तुमचं परदेशातून पत्र आलंय. ऑफिसातल्या मॅडमनी ते इंग्रजी पत्र वाचून मला मराठीत सांगितलं. यान आता फार थकलाय. त्यांच्याकडं त्या कवीच्या नावानं लोक जमतात, तिथं त्यानं माझी टेप लावली. लोकांना ढोल आवडला. पण त्यानं त्यांना सांगितलं की हे खरं गाणं नव्हे, खरं गाणं त्या घरातल्या बाईपाशी आहे. आमच्या कवीला तिनं आपल्या अंगणात जेवू घातलंय. ते ऐकून लोक उठून उभे राहिले. आता भाभीला म्हणावं, एक तरी ओवी पाठव, मी असेपर्यंत.

मॅडमनी विचारलं, "आबा, काय उत्तर लिहू?"

मी म्हणालो, "लिहा, सरू मेली." त्यांनी पेन उचललं. मी म्हणालो, "थांबा. ऱ्हाऊ द्या. आज नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून दोनशे पानी वही घेतली आणि खालच्या शिवारात गेलो. तिथं बायका कांदा काटत होत्या. सरू ज्यांच्याबरोबर जन्मभर राबली त्याच ह्या बायका. तिच्या वयाची भागूबाई सगळ्यांच्या मधे होती. मला बघून हात थांबले. एक तरणी सून हळूच म्हणाली, "आबा वही घिऊन आलं. आता हजेरी घेत्यात वाटतं." बाकीच्या फिस्स करून हसल्या.

भागूबाई म्हणाली, "काय काम काढलं, आबा?"

"सरूच्या ओव्या लिहून घ्यायच्यात. पाव्हण्याच्या."

भागूबाईनं विळा खाली ठेवला. "ती म्हनायची, आमच्या मालकाच्या कानावर जाऊ देऊ नका गं."

"म्हाईत हाय मला. किती हायेत?"

"लय हायेत. दिवस सरंल, त्या सरायच्या न्हाईत." तिनं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. "लिवा मग. पर तोंड तिकडं करा. तुमच्याकडं बघून मला म्हनवायचं न्हाई."

मी बांधावर त्यांच्याकडं पाठ करून बसलो आणि गुडघ्यावर वही उघडली. मागं भागूबाईनं आवाज लावला, बाकीच्यांनी तो उचलला. पहिलीच ओवी, आणि मी ती जन्मात ऐकलेली नव्हती. दोन शब्द लिहून होईतो त्या पुढं निघून गेल्या. मी मान न वळवता म्हणालो, "बाई, जरा दमानं... पुन्यांदा म्हना."